थकबाकी

प्रति,
मा. आरोग्य विभाग.
पत्ता पल्लवी नंतर घालेल.
मी आडवी आहे, ती लिहून घेतेय.

मी रेश्मा घाडीगावकर, वय एक्केचाळीस,
भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात करवसुलीला होते.
नऊ वर्षं एकच शब्द टाइप केला: थकबाकी.
तुमच्याकडे सगळं थकतं, साहेब.
मालमत्ता कर थकतो, पाणीपट्टी थकते,
मंडईतल्या गाळ्याचं भाडं थकतं,
थकलं की त्याला नंबर मिळतो, रजिस्टर मिळतं,
दाराशी माणूस येतो.
माणूस थकला तर
कोणत्या टेबलावर जायचं?

(इथे थांबले. मधे पाच दिवस गेले.)

तापाने सुरुवात झाली.
ताप उतरला. मी उठले नाही.
केस विंचरणं हे आता एक काम आहे, आंघोळ दुसरं;
दोन्ही एका दिवशी होत नाहीत.
खिडकीला काळा कागद.
कुकरची शिट्टी कवटीच्या आत वाजते.
सासूबाई म्हणतात, दमायचो आम्हीही.
खरंय त्यांचं. त्यांचं दमणं
झोपून उठलं की जायचं.
माझं झोपून उठलं की येतं.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. हिमोग्लोबिन बारा पॉइंट चार.
डॉक्टर म्हणाले, अभिनंदन! सकाळी चालायला जात जा.
गेले. सात दिवस चालले.
पुढचे चार महिने मला आठवत नाहीत.

दाखल्यासाठी मंडळापुढे गेले, एका मंगळवारी.
तिसरा मजला. लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी.
बावन्न पायऱ्या, प्रत्येक वळणावर बसत.
पोचले तेव्हा पावडर होती तोंडावर, ड्रेसला इस्त्री,
कचेरीत गबाळं जाऊ नये, ही नऊ वर्षांची सवय.
त्यांनी यादीवरून बोट फिरवलं,
वरून खाली, मग खालून वर.
"यात नाव नाही. आणि तुम्ही तर चालत आलात."
माझ्या बावन्न पायऱ्या
माझ्याच विरुद्ध पुराव्याला लागल्या.

(अकरा दिवस.)

एकटी असते तर गप्प बसले असते.
नागपाड्याची शमीम आहे, प्रबंधाचा तिसरा धडा अर्धा टाकून पडलेली.
माझगावचा रेमंड ड्रम वाजवायचा,
त्याला आता ताटात चमचा पडलेला सोसत नाही.
गोवंडीचे सोनकांबळेकाका,
कंत्राटदाराने 'आळशी' म्हणून हजेरीवरून उडवलेले.
आम्ही फोनवर बोलतो, दहा मिनिटं, गजर लावून.
मोर्चा आम्हाला झेपत नाही.
उपोषणाला बसायचं, तर बसणंच जमत नाही.
आझाद मैदानात आम्हाला नुसतं निजवून ठेवलं
तर तुम्ही म्हणाल, किती शांत आंदोलन!

म्हणून हा कागद.
यादीत एक ओळ वाढवा.
नव्या डॉक्टरांना सांगा, 'चालत जा' हे सगळ्यांचं औषध नसतं.
तपासायला घरी माणूस पाठवा, कराच्या वेळी पाठवता तसा.
सोनकांबळेकाकांना महिना काहीतरी द्या,
किती ते तुम्ही ठरवा, पण एक तारखेला.
आणि मोजा आम्हाला.
किती आहोत, आम्हालाही ठाऊक नाही.
त्या खुर्चीत मी एवढंच शिकले:
जे रजिस्टरात नाही, त्याची वसुली होत नाही
आणि माफीही.

शेवटचं.
खिडकीशी बसून मी लोकांना म्हणायचे, परवा या.
मान वर न करता म्हणायचे.
हा आजारही तसाच, सरकारी.
आजच्या कामाचं उत्तर परवा देतो.
मंगळवारी तुमच्यासमोर उभी होते, ती मीच होते,
बिल गुरुवारी आलं.
तर पुन्हा सुनावणी लावा. मी पुन्हा पायऱ्या चढेन.
"चालत आल्या" असं खुशाल लिहून घ्या.
मग फाइल घेऊन माझ्या घरी,
कोकणनगर, चाळ नंबर सात, डावीकडून चौथी खोली,

परवा या.
दार नुसतं लोटलेलं असेल.
उघडायला मला उठता येणार नाही.